ड्राफ्टमध्ये आई घेतली, त्याची हकिकत

जून लागला की अबुधाबी रिकामी व्हायला लागते. शाळा बंद होतात, बायका-मुलं भारतात जातात आणि नवरे ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवतात. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एकटीनं उभं राहायची चैन वर्षातून तेवढे दोनच महिने मिळते. मी मात्र या दिवसांत सुट्टीवर जात नाही. सामने ऑक्टोबर ते मार्च होतात आणि ते सगळ्यांना दिसतात. संघ उभा राहतो तो जून ते ऑगस्टमध्ये, बाहेर सेहेचाळीस डिग्री असताना, पडदे ओढून, फोनवर.

मी अनुराधा. मूळची नागपूरची, विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेली. नवऱ्याची नोकरी तेलकंपनीत, म्हणून इकडे आले. इंडियन स्कूलमध्ये वीस वर्षं पीटी शिकवली. त्यातल्या शेवटच्या वर्षांत 'हुदहुद' नावाच्या महिला बास्केटबॉल संघाची मॅनेजर झाले आणि शाळेतून निवृत्त झाल्यावरही ते काम सुटलं नाही. मॅनेजर म्हणजे मॅनेजर, प्रशिक्षक, गाडीत पाण्याचे क्रेट भरणारी आणि मोडलेल्या नखाला पट्टी लावणारी, सगळं मीच. संघाचं नाव आमचे मालक जोगळेकरसाहेब यांनी ठेवलं. त्यांची ऑफिस-फर्निचरची कंपनी आहे. त्यांच्या ऑफिससमोरच्या हिरवळीवर तुरेवाला हुदहुद पक्षी रोज येऊन चोच मारत बसायचा. साहेबांना तो मेहनती वाटला. संघाला वाघ-सिंह लावून काय करायचं, हा बघा, कसा मान खाली घालून काम करतो, असं म्हणून त्यांनी नाव पक्कं केलं. साहेब पुण्याचे आहेत, त्यामुळे चर्चा झाली नाही.

आमच्या लीगमध्ये अबुधाबी, दुबई आणि शारजा मिळून सहा संघ. खेळणाऱ्या सगळ्या नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या बायका-मुली. दातांच्या दवाखान्यातली फिलिपिनो नर्स, बँकेतली लेबनीज ऑफिसर, सुदानी इंजिनियर, आपल्याकडच्या केरळच्या, मुंबईच्या मुली. पगार कुणालाच नाही. बूट, जर्सी आणि येण्याजाण्याचं भाडं मालकानं द्यायचं. चांगले बूट चारशे दिरहॅमचे, म्हणजे नऊ हजार रुपयांचे, एवढीच काय ती श्रीमंती.

आता यात 'ट्रेड' आणि 'ड्राफ्ट' कुठून आले, तर तेही सांगते. सीझन संपला की प्रत्येक संघानं आपल्या पाच खेळाडू ठेवायच्या. बाकीच्या मोकळ्या होतात आणि नव्यानं नाव नोंदवलेल्यांबरोबर एका यादीत जातात. ऑगस्टमध्ये एक दिवस सगळ्या मॅनेजर एका हॉलमध्ये बसून त्या यादीतून आळीपाळीनं एकेक नाव उचलतात. हा ड्राफ्ट. मागच्या वर्षी जो संघ सगळ्यांत शेवटी राहिला, त्याला पहिली निवड. आणि ट्रेड म्हणजे अदलाबदल: तुझी एक मला दे, माझी एक तुला घे. लोकांना यात फार कारस्थान असतं असं वाटतं. पैसेच नसल्यामुळे कारस्थानाला जागा कमी. आम्ही अदलाबदल करतो ती लोकांच्या मंगळवार आणि शनिवारच्या संध्याकाळींची. हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. ग्लोरियानं ते शिकवलं.

ग्लोरिया आमच्याकडे सहा वर्षं होती. उंची पाच फूट एक इंच, पण बॉल तिच्या हातातून कुणी काढून घेतला असं मी पाहिलं नाही. एका उन्हाळ्यात मला उंच खेळाडू हवी होती म्हणून मी तिला शारजाच्या संघाला देऊन टाकलं. फोनवर दहा मिनिटांत काम झालं. तिला संध्याकाळी निवांत फोन करू, असं मनात होतं. त्याआधीच समोरच्या मॅनेजरनं लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'वेलकम ग्लोरिया' असा फोटो टाकला. ग्लोरियानं मला एवढंच लिहिलं, 'थँक यू मॅम'. पुढच्या आठवड्यात ती घरी आली, जर्सी परत करायला. धुतलेली, इस्त्री केलेली, वर एक खजुराचा डबा. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि गेली. ज्या उंच मुलीसाठी हे केलं, तिचं नाव आज मला आठवावं लागतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. कुणाला सोडायचं किंवा द्यायचं असेल, तर ठरायच्या आधी तिच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायचं. बाकीच्या मॅनेजर हसतात. हसू देत.

तर ही हकिकत तीन वर्षांपूर्वीची. त्याआधीची दोन्ही वर्षं आम्ही सहापैकी सहावे आलो होतो. जोगळेकरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं आणि चहा मागवून सांगितलं, "मॅडम, यंदा पहिल्या चारांत या. नाही आलात तर मी संघ बंद करतो. राग नाही, पण दोन वर्षं माझी गिऱ्हाइकं मला विचारतात, तुमच्या खुर्च्यापण अशाच बसतात का?"

पहिली निवड आमचीच होती, आणि त्या वर्षीच्या यादीत निदा पारकर होती. एकोणीस वर्षांची, सहा फूट एक इंच, डावखुरी, दुबईत सिव्हिल इंजिनियरिंग शिकणारी. जुलैमध्ये चाचणी झाली तेव्हा तिला धावताना पाहून सहाही मॅनेजरनी एकदमच वह्या उघडल्या होत्या. मला तर रात्रीचं जेवण गोड लागलं. डोळे मिटून निदाचं नाव द्यायचं आणि पुढची पाच वर्षं निश्चिंत राहायचं.

त्या चाचणीत निदाची आईही होती. लीगच्या प्रमुख मिस लिगाया, या एका मोठ्या हॉस्पिटलच्या निवृत्त मेट्रन. त्यांचा नियम असा की चाचणीच्या वेळी हॉलमध्ये फक्त नाव नोंदवलेल्या खेळाडू, पालकांनी बाहेर थांबायचं. बाहेर म्हणजे जुलैतल्या दुपारी पार्किंगमध्ये. निदाची आई दारात उभी राहून म्हणाली, "नाव नोंदवलेल्यांनाच आत घेता ना? मग माझंही लिहा." वयाची वरची अट नियमात नव्हती. मिस लिगायांनी नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं आणि फॉर्म पुढे केला. बाईंनी तो भरला, छातीला नंबर लावून बाकावर बसल्या आणि पर्समधून लिंबू सरबताची बाटली काढली. नाव लावलंय तर चार बॉल टाका, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा उठून त्यांनी टाकलेही. मी त्या वेळी निदाची उंची वहीत लिहीत होते.

ड्राफ्ट दुबईतल्या करामा भागात होता, एका इंडियन रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये, दुपारी तीन वाजता. खेळाडू आणि त्यांच्या घरचे मागे खुर्च्यांवर, पुढे सहा टेबलं. निवड कार्डावर लिहून द्यायची: यादीतला नंबर आणि नाव. मिस लिगाया ते वाचतात आणि वाचलं की बदलत नाही. निदाचा नंबर माझ्या कागदावर सत्तावीस होता. मी ऐटीत लिहिलं, '२७, एन. पारकर', आणि कार्ड दिलं.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या दिवशी सकाळी यादीतल्या एका मुलीनं नाव मागे घेतलं होतं आणि खालचे सगळे नंबर एकानं वर सरकले होते. नवी यादी टेबलावर, माझ्या पाण्याच्या ग्लासखाली होती.

मिस लिगायांनी चष्मा सावरला. "फर्स्ट पिक, हुदहुद. नंबर ट्वेंटी सेव्हन. मिसेस नसीमा पारकर."

मागे निदा टाळ्या ऐकायला अर्धी उठली होती, ती तशीच राहिली. तिच्या शेजारी तिची आई हातात समोसा घेऊन बसली होती. हॉलमध्ये आधी कुणालाच कळलं नाही आणि मग सगळ्यांना एकदम कळलं. असं हसणं मी त्या हॉलमध्ये आधी ऐकलं नव्हतं. मी उठून म्हणाले, चूक झाली, मला दुसरी पारकर हवी आहे. मिस लिगाया म्हणाल्या, "कार्डावर नंबर बरोबर आहे. नावही बरोबर आहे. अभिनंदन."

दुसरी निवड दुबई मरीनाच्या संघाची. त्यांची मॅनेजर रीमा, बैरूतची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माझी मैत्रीण आणि या लीगमधली माझी सगळ्यांत मोठी डोकेदुखी. तिनं कार्ड लिहिलं तेव्हा तिचे खांदे हलत होते. "नंबर ट्वेंटी सिक्स. मिस निदा पारकर."

ड्राफ्ट संपल्यावर मी जिन्यात उभी राहून जोगळेकरसाहेबांना फोन केला. झालं ते सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आपण आई घेतली?"

"हो."

"किती वर्षांची?"

"त्रेचाळीस."

"मॅडम, मी लोकांना काय सांगू? ड्राफ्टमध्ये आई घेतली?" मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. "हे बघा, गिऱ्हाइकानं खुर्ची मागितली आणि आपल्या माणसांनी टेबल पोचवलं, तर आपण काय करतो? परत आणतो. जा आणि बदलून आणा."

बदलायला दहा दिवस असतात. रीमाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. ती सगळ्यांनाच हबीबती, म्हणजे लाडके, म्हणते. "हबीबती, मी वाईट माणूस नाही. तुझी आई मला दे, तिच्याबरोबर पुढच्या वर्षीची तुझी पहिली निवड दे, आणि मुलगी घेऊन जा. खलास." पुढच्या वर्षीही आम्हीच शेवटी राहणार आणि पहिली निवड आमचीच असणार, हे तिनं धरूनच टाकलं होतं. ते मला झोंबलं. पण सौदा वाईट नव्हता. नसीमाबाई करामात राहतात, मरीना त्यांना मेट्रोनं जवळ. आमचा सराव अबुधाबीत. बसनं जायचं म्हटलं तर एका बाजूला दीड-दोन तास. कुणालाही पटेल असा ट्रेड होता. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग वाट कसली बघताय?"

वाट माझ्या नियमाची होती. मी गाडी काढली आणि करामाला गेले.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. नवरा बंदरात क्रेन-सुपरवायझर, त्या वेळी शिफ्टवर. बाहेरच्या खोलीत सातवी-आठवीची पाच-सहा मुलं गणितं सोडवत बसली होती. नसीमाबाई बिल्डिंगमधल्या मुलांची ट्यूशन घेतात. मला बघून त्यांनी मुलांना दोन उदाहरणं घातली आणि मला आत स्वयंपाकघरात नेलं. ताटलीत सांदण आणि नारळाचं दूध आलं. मूळ गाव रत्नागिरीकडचं, पण बालपण मुंबईत, नागपाड्यात गेलेलं. नागपाड्यात बास्केटबॉल गल्लीगल्लीत खेळतात, हे मला ऐकून माहीत होतं.

"मी खिडकीतून बघून बघून शिकले," त्या म्हणाल्या. "मग वडिलांनी उतरू दिलं. मुंबईच्या ज्युनियर संघात होते. एकविसाव्या वर्षी लग्न झालं, इकडे आले. सोडलं असं नाही मॅडम. राहून गेलं."

मी रीमाचा निरोप सांगितला. अजून काही ठरलेलं नाही, आधी तुम्हाला सांगायला आले, असंही सांगितलं. तेवढ्यात निदा दारात येऊन उभी राहिली. दाराची चौकट तिला लहान पडत होती.

"सो आय विल कम टू हुदहुद, अँड मम्मी विल गो टू मरीना?"

"हो."

"मॅम, प्लीज, नो. आय लाइक मरीना. देअर नोबडी टेल्स मी टू ड्रिंक वॉटर." मग जरा थांबून आईकडे न बघता म्हणाली, "अँड मम्मी वॉन्ट्स टू प्ले. शी वोन्ट से इट. आय ॲम सेइंग इट."

नसीमाबाई म्हणाल्या, "जा, बाहेर मुलांची उत्तरं तपास." निदा गेली. त्यांनी गॅस बारीक केला, उगाचच. तो आधीच बारीक होता.

"मॅडम, तुम्ही मला चुकून घेतलं ते मला माहीत आहे. हॉलमध्ये सगळे हसले, मीपण हसले. पण घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत मी बूट काढले नाहीत. निदाच्या अब्बांनी विचारलं, कुठे निघालीस का? म्हटलं, नाही, असेच."

मी म्हणाले, "मरीनाला गेलात तर जवळ पडेल. अबुधाबीची बस रोज कशी जमणार?"

"आठवड्यातून दोनदाच ना? दीड तास खिडकीपाशी बसायचं. दीड तास मला कुणी हाक मारणार नाही. वीस वर्षांत असा दीड तास मिळालेला नाही मला." आणि मग एकदम ताठ झाल्या. "पण मी तुमच्या कामाची नसेन तर स्पष्ट सांगा. दया करून ठेवू नका. ते मला चालणार नाही."

हे त्या बोलल्या ते बरं झालं, कारण तोपर्यंत मी दया करूनच त्यांना ठेवायच्या विचारात होते. मी म्हणाले, "शनिवारी सरावाला या. मग सांगते."

शनिवारी त्या दुबईतल्या इब्न बतूता मेट्रो स्टेशनवरून बस पकडून आल्या. सलवार, लांब बाह्यांचा टी-शर्ट, घट्ट बांधलेला स्कार्फ, निदाचे जुने बूट पुढे कापूस घालून. धावण्यात त्या सगळ्यांच्या मागे होत्या. उडी म्हणाल तर बुटाखालून वर्तमानपत्र सरकवता आलं असतं, तेवढीच. मी मनातल्या मनात रीमाला फोन लावायला घेतला होता. मग मी पाच-पाचच्या दोन बाजू करून खेळ लावला आणि पहिल्याच मिनिटाला आमच्या सुदानी हनानच्या कानावर बॉल आदळला.

"व्हाय आर यू थ्रोइंग? आय वॉज नॉट लुकिंग!" हनान ओरडली.

नसीमाबाई म्हणाल्या, "बट यू वेअर फ्री."

खरंच ती मोकळी होती. तिला स्वतःला ते कळायच्या आधी या बाईंना कळलं होतं. पुढच्या दहा मिनिटांत असे पाच-सहा बॉल गेले. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पोटात, एक माझ्या पाण्याच्या क्रेटवर. त्या बॉल माणसाकडे टाकतच नव्हत्या. माणूस जिथे पोचणार आहे तिथे टाकत होत्या, आणि आमच्या मुलींना आपण कुठे पोचणार आहोत हे माहीत नव्हतं. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून एकच काम. या बाईंकडे बघायचं आणि हात वर ठेवायचे." अर्ध्या तासानंतर हनाननं एक बॉल पळता पळता नीट झेलला आणि टाकला. ती जागच्या जागी उभी राहून बघत राहिली, हा आला कुठून म्हणून. शाळेतल्या वीस वर्षांत मी कितीतरी मुली उंच आहेत म्हणून निवडल्या आणि बुटक्या आहेत म्हणून बसवल्या. त्यातल्या किती जणींना असं दिसत असेल, याचा विचार मी त्या दिवशी घरी जाताना केला आणि तो काही सुखाचा नव्हता.

रीमाला मी फोन करून नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, हबीबती?" जोगळेकरसाहेबांना सांगायला मात्र स्वतः गेले.

"साहेब, टेबलच ठेवून घेऊ या."

"का?"

"टेबल चांगलं आहे."

त्यांनी चार बोटं वर केली. "पहिले चार," म्हणाले. "ते मी विसरलेलो नाही."

तो सीझन मी कधी विसरणार नाही. नसीमाबाई प्रत्येक सामन्यात दहा-बाराच मिनिटं खेळायच्या, पण त्या बाकावरून उठल्या की समोरच्या संघाच्या मुली एकमेकींना खुणा करायला लागायच्या. आम्ही पहिले दोन हरलो, मग तीन ओळीनं जिंकलो. मुली त्यांना 'टीचर' म्हणायला लागल्या. मागून त्यांचा आवाज यायचा, "यल्ला, हनान, कोपरा! कोपरा!" आणि हनानला मराठीतला कोपरा कळायला लागला. बसमधून उतरताना त्यांच्या हातात डबा असायचा, त्यात बारा जणींना पुरेल एवढं काहीतरी. बसमध्ये त्या गणिताच्या वह्या तपासायच्या. आपल्या दीड तासातलं हे एवढंच काम मी स्वतःच्या मर्जीनं करते, असं त्यांनी मला बजावलं होतं. निदा मरीनाकडून खेळत होती आणि जवळजवळ प्रत्येक सामन्यात वीसच्या वर गुण काढत होती. मायलेकी घरी आपापल्या संघाबद्दल एक अक्षर बोलत नसत. नसीमाबाईंचे यजमान मला एकदा म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात सध्या दोन देश आहेत. मी व्हिसा घेऊन स्वयंपाकघरात जातो."

शेवटचा साखळी सामना मरीनाशीच आला, दुबईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. जिंकलो तर आम्ही चौथे, हरलो तर पाचवे. जोगळेकरसाहेब पहिल्यांदाच सामना बघायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मरीनाच्या बाजूला रीमानं मला हात केला आणि ओरडली, "इन्शाल्ला, दोघी जिंकू!"

सामना कसा झाला ते सगळं सांगत बसत नाही. शेवटचे अकरा सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि बॉल त्यांच्याकडे होता. रीमानं टाइमआउट घेतला. बॉल निदाकडे जाणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी हनानला तिच्यावर ठेवणार होते. नसीमाबाईंनी माझा दंड धरला.

"मला उतरवा."

"भाभी, ती तुमच्यापेक्षा आठ इंच उंच आहे. तुम्ही तिच्या मागे धावू शकणार नाही."

"धावायचं नाहीच. ती डावीकडेच जाणार. दर वेळी डावीकडेच जाते. दहा वर्षं सांगतेय तिला, उजवा हात वापर, उजवीकडे जायला शीक. ऐकते कुठे? मी आधीच डावीकडे जाऊन उभी राहते. ती येऊन माझ्यावर आदळेल. फाउल तिचा, बॉल आपला."

हिशेब बिनचूक होता. मी हनानला बसवलं.

शिट्टी झाली. निदाकडे बॉल आला. समोर तिची आई लेकीच्या डाव्या बाजूला दोन पावलं सरकून, पाय रोवून, हात छातीशी घेऊन उभी. निदानं आईकडे बघितलं. एक टप्पा, दुसरा टप्पा, खांदा डावीकडे झुकला. मी मनात म्हटलं, आली! आणि ती उजवीकडे वळली. उजव्या हातात बॉल, दोन ढांगा, आणि उजव्याच हातानं, जरा वेडावाकडा, बोर्डाला लावून टाकला. बॉल रिंगवर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. भोंगा वाजला.

आम्ही एका गुणानं हरलो होतो. माझ्या बाकावरच्या मुली टॉवेलात तोंड घालून बसल्या. आणि मैदानाच्या मध्यात नसीमाबाई दोन्ही हात वर करून उड्या मारत होत्या. वर्तमानपत्र सरकवण्याएवढ्या नव्हे, चांगल्या हातभर.

"उजवीकडे गेली! मॅडम, बघितलंत? उजवीकडे गेली ती!"

मला खरं तर राग आला होता. पंधरा सेकंद टिकला. निदा येऊन आईच्या अंगावर पडली आणि एवढी उंच मुलगी वाकून आईच्या खांद्यावर डोकं ठेवायचा प्रयत्न करायला लागली, ते बघून रीमासुद्धा डोळे पुसत होती. या दोघी अशा समोरासमोर आल्या नसत्या, तर त्या मुलीला उजवीकडे जायची गरज कधी पडली असती, असं माझ्या मनात आलं.

जोगळेकरसाहेब पायऱ्या उतरून माझ्याकडे आले. पाचवे आलो होतो. मी बोलायची तयारी केली.

"साहेब, मी तुम्हाला शब्द..."

"ते राहू द्या. पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहणार ना?"

"निदा? ती मरीनाची आहे, साहेब. रीमा तिला सोडणार नाही."

"निदा नाही हो," साहेब वैतागून म्हणाले. "आई!"

पाच खेळाडू ठेवायच्या यादीत त्या वर्षी मी नसीमा पारकर हे नाव सगळ्यांत वर लिहिलं, आणि नंबर तीन वेळा तपासला. त्यानंतरच्या वर्षी आम्ही तिसरे आलो. त्या अजून खेळतात, गुडघ्याला पट्टा बांधून.

पण मला आठवते ती त्या दिवशीची दुपार. सामान गाडीत भरून मी निघाले, तेव्हा मायलेकी शाळेच्या फाटकापाशी टॅक्सीची वाट बघत उभ्या होत्या. निदा दोन्ही बॅगा खांद्याला लावून शेवटच्या बास्केटचा व्हिडिओ परत परत लावत होती. नसीमाबाई फोनवर नवऱ्याशी बोलत होत्या. एका कानावर हात, रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा मोठा आवाज.

"अहो, ऐकताय ना? हरलो! हो हो, आम्ही हरलो! थांबा, नीट सांगते, कशा हरलो ते."